एका तावाची दोन पाने

रविवारची प्रार्थना आटोपल्यावर घरी कोणी गेले नाही. सगळे परस्पर बाइंडिंगच्या दुकानात आले. पुढचे फळ्यांचे दार बंद होते, मागचे उघडे होते, आणि मोठ्या टेबलावर कापडात गुंडाळलेली चर्चची प्रायश्चित्ताची वही पडलेली होती; कबुल्या, शिक्षा आणि माफी यांच्या नोंदी तिच्यात असत. फादरांनी ती काल स्वतः आणून दिली होती. चार वाजता ते ती परत न्यायला येणार होते. सोमवारी सकाळी कबरींची यादी नगरपालिकेत जायची होती. म्हणजे हातात साडेतीन तास होते.

हे साडेतीन तास कसे काढायचे, याचा विचार म्हातारा बाइंडर काल संध्याकाळपासून करत होता. आजारी पडावे, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण थोरल्या बहिणीपुढे आजारपणाचे सोंग चालत नसे. आक्काने चाळीस वर्षे इस्पितळात मेट्रन म्हणून काढली होती. नाडी बघता बघता माणूस खोटे बोलतोय का ते तिला कळते, असे तिच्या हाताखालच्या नर्स म्हणत. आता ती ब्याऐंशीची होती, गुडघे गेले होते, तरी खुर्चीत बसली की समोरचा माणूस आपोआप ताठ उभा राही.

“उघड ग पोरी,” आक्का भाचीला म्हणाली. “फादरांना पान सापडलं नाही म्हणजे पान नाही, असं होत नाही. त्यांना वाचता येतं. वही बघता येते ती तुला.”

बाइंडरची मुलगी हात धूत होती. गेली दहा वर्षे दुकान तीच चालवत होती. जुन्या वहीला हात लावण्यापूर्वी ती दोनदा हात धुई. ही सवय बापाचीच.

“बघते आत्या. पण जे नाही ते मी आणू शकत नाही, एवढं लक्षात असू दे.”

“काही आणायचं नाही. आहे ते दाखव.”

खिडकीजवळच्या स्टुलावर धाकटा भाऊ बसला होता. तो निवृत्त शिक्षक, सगळ्या घराचा मास्तर. तीस वर्षे त्याने पोरांना जुन्या थोर कादंबऱ्या शिकवल्या होत्या, आणि घरातल्या कुठल्याही भांडणात तो त्यांतले दाखले देई. म्हणून भांडणात त्याला कोणी विचारत नसे.

“माझं मत सांगू?” मास्तर म्हणाला.

“नको,” आक्का म्हणाली.

“हाडं आहेत ती आक्का. हाडांना पत्ता लागत नाही. आजोबांना जाऊन अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली. इकडे पुरले काय आणि तिकडे पुरले काय.”

“आजीला हे सांगितलं असतंस?”

आजीला कोणीच काही सांगितले नसते.

कबरस्तानातून रस्ता जाणार हे गेल्या वर्षीच ठरले होते. चर्चला शहराबाहेर नवी जागा मिळाली होती आणि भिंतीच्या आतल्या सगळ्या कबरी तिकडे हलायच्या होत्या. भिंतीबाहेर सात कबरी होत्या. सहांच्या मागे कोणी उरले नव्हते. सातवी यांच्या आजोबांची. आजी भिंतीच्या आतल्या अंगाला होती, भिंतीला अगदी खेटून. ती जागा तिने जिवंतपणी स्वतः जाऊन दाखवून ठेवली होती. नवरा-बायकोच्या मध्ये दीड हात रुंदीची भिंत. आता आजी नव्या जागेत जाणार आणि आजोबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, नगरपालिकेच्या बेवारस मैदानात. तिथे दगड लावू देत नाहीत आणि दर सात वर्षांनी जमीन पुन्हा खणतात. समितीने एकच सवलत ठेवली होती. बाहेरच्या ज्या माणसाला चर्चने परत आत घेतल्याची लेखी नोंद दाखवता येईल, त्याला नव्या जागेत आत घेऊ.

आजोबांनी काय केले हे शहरात सगळ्यांना ठाऊक होते. तेही बाइंडरच. बंदीच्या वर्षांत, चर्चला कुलूप असताना, सभासदांची वही लपवाछपवी करून त्यांच्याकडे शिवायला आली होती. मागोमाग शिपाई आले. मारहाण झाली की नुसता दम दिला, याबद्दल दोन मते होती. आजोबांनी अकरा नावे दिली. अकरांतला एकही परत आला नाही. बंदी उठल्यावर आजोबा आपण होऊन चर्चच्या पायरीशी गेले, आणि त्या वेळच्या फादरांनी त्यांना फार जुन्या काळची शिक्षा दिली. दर रविवारी दाराबाहेर उभे राहायचे, उंबरा ओलांडायचा नाही. माणसामागे एक वर्ष, अशी अकरा वर्षे.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांची होती. यापुढची फक्त आक्काची.

“मी पाहिलंय त्यांना आत,” ती आताही म्हणाली, खाली बघत, जणू प्रथमच सांगत असल्यासारखी. “पुढच्या बाकावर बसले होते. मला मांडीवर घेतलं. त्यांचे गुडघे हलत होते आणि मला वाटलं ते मला खेळवताहेत. फादरांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. कामाचा दिवस होता, चर्चमध्ये कोणी म्हणजे कोणी नव्हतं. त्यानंतर आठ दिवसांत ते गेले. गावाने प्रेत आत येऊ दिलं नाही. फादरांनी माफ केलं होतं, गावाने नाही. आणि मग फादरांची बदली झाली.”

“तू चार वर्षांची होतीस,” मास्तर म्हणाला. “मला काल काय जेवलो ते आठवत नाही.”

“कारण तू जेवताना पुस्तक वाचतोस.”

बाइंडर हसला. त्याला स्वतःलाच ते हसू विचित्र वाटले. आक्काची ही गोष्ट त्याने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती आणि एकदाही खरी मानली नव्हती. आजीने नातीची समजूत घालायला तसे सांगितले असेल, नातीने ते पाहिले म्हणून धरून ठेवले, असे त्याचे मत होते. आजोबा गेल्यावर सात वर्षांनी जन्मलेल्या माणसाला असे मत बाळगणे सोपे जाते.

मुलीने वही सोडली. पाने चाळली नाहीत. वही आडवी धरून तिने वरची कड उजेडात घेतली आणि हाडाच्या पट्टीचे टोक दुमडींवरून फिरवू लागली. आठ ताव एकात एक घालून दुमडले की सोळा पानांचे एक जुज होते. अशी जुजे एकावर एक शिवली की वही. ती ताव मोजत होती. बाइंडरला तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. आठ. आठ. आठ. आठ. पाचव्या जुजाशी ती थांबली, मागे गेली, पुन्हा मोजले.

आता सांगावे, असे त्याला वाटले. ती बोलण्यापूर्वी आपण बोलावे. त्याने तोंड उघडलेदेखील.

“चहा ठेवू का?” तो म्हणाला.

“बाबा, ही शिवण तुमची आहे.”

“हो. माझीच. चव्वेचाळीस वर्षं झाली.”

“मग हे जुज सात तावांचं कसं?”

रस्त्यावरून हातगाडी गेली, तिचे एक चाक करकरत होते.

“पान कोणी फाडलेलं नाही आत्या,” मुलगी आक्काकडे वळली. तिचा आवाज गिऱ्हाइकाला खर्च समजावून सांगतानाचा होता. “फाडलं असतं तर शिवणीत बुडखा राहिला असता, आणि जोडीचं पान सुटं होऊन पडलं असतं. इथं वही उसवून पुरता ताव काढलाय आणि मग नव्याने शिवलंय. ताव काढला की दोन पानं जातात. हे बघ, तिसरं गेलंय. इथल्या तारखा बंदी उठली त्या वर्षाच्या आहेत. म्हणजे पणजोबांच्या कबुलीचं पान.” तिने पाने उलटली. “आणि त्याच तावाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे मागचं चौदावं पान. या वहीत वर्षाला जेमतेम एक पान भरतं. तर चौदाव्याच्या जागी…”

ती थांबली. मग हळू म्हणाली, “अकरा वर्षांनंतरचं. ते गेले त्याच्या आदल्या वर्षाची नोंद आहे. पुढच्या वर्षाची आहे. ते वर्ष नाही.”

बाइंडरने टेबलाची कड धरली. चव्वेचाळीस वर्षे तो तिसऱ्या पानाचे ओझे वाहत होता. चौदावे पान त्याने कधी मोजलेच नव्हते. ते जाणार हे त्याला माहीत होते. कारागीर होता तो. एक पान काढले तर जोडीचे लोंबते, लोंबणारे पान उघडे पाडते, म्हणून अख्खा ताव काढायचा, एवढाच त्याने विचार केला होता. चौदावे पान म्हणजे कातरण.

“बाळ,” आक्का म्हणाली. या नावाने आता त्याला तीच एकटी हाक मारत असे. “तू काढलास?”

“मी.”

“कुठे आहे?”

“सरस तापवायच्या शेगडीत घातला.”

मास्तर स्टुलावरून उठला आणि परत बसला.

मग बाइंडरने सांगितले, आणि सांगताना त्याच्या लक्षात आले की इतकी वर्षे मनात घोळवूनही हे सगळे चार वाक्यांत संपते. त्याचे लग्न महिन्यावर आले होते. होणारे सासरे चर्चचे चिटणीस होते. शिवलेली वही पानांवर आकडे घालायला त्यांच्याकडे जाणार होती. वही उसवताना तिसरे पान समोर आले, आजोबांच्या हातचे, सहीनिशी, अकरा नावांचे. आणि सातवे नाव एका पाववाल्याचे होते, म्हणजे नवरीच्या आजोबांचे. लोकांच्या तोंडी असणे वेगळे आणि आजोबांच्या सहीने असणे वेगळे, असे त्याला त्या दिवशी वाटले होते.

“वाचलंस ना पण?” आक्का म्हणाली. “घालण्याआधी मागचं पान वाचलंस ना?”

“नाही.”

“ताव उघडलास?”

“नाही आक्का. नावं पहिल्याच बाजूला संपत होती. घडी उघडलीच नाही मी. तशीच घातली.”

आक्काने डोळे मिटले. ती रडेल असे त्याला वाटले, रडावी असेही वाटले. पण ती रडली नाही. वॉर्डातल्या पेशंटचा अहवाल ऐकून घ्यावा तशी ती मान हलवत राहिली.

मुलगी वही बंद करत होती. “म्हणजे मी दोन्हीकडची,” ती म्हणाली. “नावं देणाऱ्याची पणती आणि सातव्या नावाचीही पणती. आईला माहीत होतं?”

“नाही,” बाइंडर म्हणाला. “तिला कळू नये म्हणूनच तर…”

“तिला माहीत होतं,” आक्का म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. “साखरपुड्याआधी मीच सांगितलं होतं. लपवून सून आणायची नव्हती मला. ती म्हणाली, त्यांच्या तोंडून ऐकेन तेव्हा ऐकेन, तोवर मला ठाऊक नाही असं समजा. अधूनमधून मला विचारायची, आक्का, कधी सांगतील हो हे? छत्तीस वर्षं विचारत होती.”

बायको जाऊन आठ वर्षे झाली होती. बाइंडर टेबलाजवळच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. कुणी त्याला ऊठ म्हटले नाही, एरवी गठ्ठ्यावर बसलेल्यावर तोच खेकसायचा.

“आमच्या कादंबऱ्यांत ना,” मास्तर म्हणाला, कोणाकडेच न बघता, “माणूस पाप करतो, आठशे पानं तळमळतो, आणि शेवटच्या प्रकरणात गुडघे टेकतो. तुरुंगात म्हणा, बर्फात म्हणा, एखाद्या वेश्येच्या पायाशी म्हणा. की सुटला. पोरं परीक्षेत लिहायची, नायकाचा उद्धार झाला, दहापैकी आठ. एकदा एका मुलीने विचारलं, सर, ज्याचं वाटोळं झालं त्याचं काय? मी म्हटलं, तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही.”

“तुझं झालं?” आक्का म्हणाली.

“नाही झालं.” तो उठून टेबलाशी आला. सकाळपासून हाडांना पत्ता नसतो म्हणणारा माणूस अचानक घाईला आला होता. “आपण तो ताव नव्याने करू. ऐका आधी! खोटं काही नाही. जे झालं तेच लिहायचं. मला जुनं वळण येतं, मी जन्मभर हस्तलिखितं वाचलीत. पोरी, तुझ्याकडे आजोबांच्या वेळचा कोरा कागद आहे ना? त्या लाकडी पेटीत?”

“आहे,” मुलगी म्हणाली.

“शाई?”

“शाई करता येईल. रंग उतरवता येईल.” ती वहीकडे बघत होती आणि हिशेब मांडल्यासारखी सावकाश बोलत होती. “पाचवं जुज तेवढं उसवायचं. आज नाही, पण फादर उद्या सकाळपर्यंत थांबले तर होईल. कोणाला कळणार नाही. मला कळेल.”

“फादर थांबतील! मी सांगतो त्यांना, वाळवी लागलीय म्हणून.” बाइंडर गठ्ठ्यावरून उठला होता. त्याने बाह्या वर सारल्या. “शिवण मी घालतो. माझीच शिवण आहे, माझ्याच हाताने जुळेल. आक्का, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही—”

“काय लिहिणार?” आक्का म्हणाली.

“तू सांग,” मास्तर म्हणाला. “तू ऐकलंस. फादरांनी वाचून दाखवलं म्हणालीस.”

आक्काचे तोंड किंचित उघडले. बाइंडरने तिला असे कधी पाहिले नव्हते. ती शोधत होती. खरोखर शोधत होती. डोळे छताकडे, ओठ हलताहेत, हात मांडीवर काहीतरी चाचपताहेत. मास्तरने खिशातून पेन काढले होते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

“आवाज आठवतो,” ती शेवटी म्हणाली. “भरदार होता. गुडघे आठवतात. बाकाला पॉलिशचा वास होता. शब्द… एकही नाही रे.”

“साधारण काय असेल ते—”

“साधारण?” ती मास्तरला फटकन म्हणाली. “अकरा वर्षं उन्हाथंडीत उभं राहून त्यांनी ते शब्द मिळवले, आणि तू साधारण रचणार? निबंधासारखे? ठेव ते पेन.”

त्याने ठेवले. मुलीने वही पुन्हा कापडात गुंडाळायला घेतली, आणि तिने मारलेली गाठ बघून बाइंडरला कळले की आता कोणी ती सोडणार नाही.

फादर चारला पाच मिनिटे कमी असताना आले. वयाने मुलीएवढेच. सायकल भिंतीला टेकवून, पँटच्या पायाला लावलेला चिमटा काढत आत आले आणि चौघांचे चेहरे बघून तिथेच थबकले.

“सापडलं नाही,” ते म्हणाले.

“सापडलं,” आक्का म्हणाली. “बाळ, सांग.”

या वेळी बाइंडरला दोनच वाक्ये लागली. मुलीने कुठला ताव, कुठली पाने, कुठले वर्ष ते दाखवले. फादरांनी स्वतः ताव मोजले. मग खुर्ची ओढून बसले आणि कपाळ चोळू लागले.

“माझा तुमच्यावर विश्वास आहे आक्का,” ते म्हणाले. “मला वाटतं, नोंद तिथंच होती. पण समितीपुढे मी काय ठेवू? एक पान नाही. ते ज्याने नाहीसं केलं तो नातू. त्याने ते वाचलेलं नाही. ते विचारतील, मागच्या पानावर याहून वाईट काही नव्हतं कशावरून?”

“याहून वाईट काय असणार?” मास्तर म्हणाला.

“बारावं नाव,” फादर म्हणाले. “मी नाही म्हणत. ते म्हणतील.”

“एक विचारू फादर?” मुलगी पुढे झाली. “पूर्वी असं काय करायचे? म्हणजे अगदी पूर्वी. पहिल्या काही शतकांत.”

फादरांना जरा बरे वाटलेले दिसले. हे त्यांच्या अभ्यासातले होते. “तेव्हाही हाच पेच होता. छळ सुरू झाला की कित्येक जण घाबरून श्रद्धा नाकारायचे. कोणी मूर्तीपुढे धूप जाळायचा, कोणी धर्मग्रंथ शिपायांच्या हवाली करायचा, कोणी माणसं. छळ थांबला की हेच लोक रडत दाराशी. काही धर्मगुरू म्हणायचे, यांना मरेपर्यंत बाहेर ठेवा. काही म्हणायचे, वर्षं ठरवून द्या आणि मग आत घ्या. फार मोठा वाद झाला. चर्च फुटलं त्यावरून.”

“जिंकलं कोण?”

“आत घ्या म्हणणारे.”

“मग?”

“मग काय,” फादर ओशाळून म्हणाले, “सतराशे वर्षांपूर्वी जिंकले. आज समितीला लेखी लागतं.”

मास्तर हसला, आणि त्या हसण्याने दुकानातला उरलासुरला धीर गेला.

“मग आजीला तिकडे न्या,” आक्का म्हणाली. “मैदानात. त्यांच्या शेजारी.”

“आतल्या कबरी चर्चच्या ताब्यात आहेत आक्का. आत असलेल्याला बाहेर काढायचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही.”

मग फादर बाइंडरकडे वळले. त्यांचा आवाज बदलला होता. त्यात आता काळजी होती, आणि ती खरी होती. “तुम्ही हे कधी पापकबुलीत सांगितलंत?”

“नाही.”

“चव्वेचाळीस वर्षं?”

“इतर सगळं सांगायचो. हे वगळून.”

“चला,” फादर म्हणाले.

मागच्या कोठीत पुठ्ठ्यांच्या चळतींमध्ये दोन माणसे उभी राहतील एवढीच जागा होती. बाइंडरला गुडघे टेकता आले नाहीत. एका हाताने चळत धरून तो उभाच राहिला. त्याने सांगितले. फादरांनी ऐकले, मनापासून पस्तावा होतो का विचारले. होतो, तो म्हणाला. त्यापेक्षा खरे तो आयुष्यात काही बोलला नव्हता. प्रायश्चित्त म्हणून फादरांनी त्याला सात दिवस रोज एक स्तोत्र वाचायला सांगितले. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी माफीचे शब्द उच्चारले. हात उबदार होता.

“झालं?” बाइंडर म्हणाला.

“झालं. आता मनात ठेवू नका. देवाने पुसलं.”

तो कोठीतून बाहेर आला तेव्हा घड्याळात चार वाजून सतरा मिनिटे झाली होती. कोठीत जाताना तेरा झाली होती. हलके वाटेल अशी त्याने वाट पाहिली. दाराशी मुलगी पाठमोरी उभी होती. तिने वळून पाहिले नाही.

फादरांनी पिशवीतून यादी काढून टेबलावर पसरली. “एवढं बघून घ्या म्हणजे मी निघतो. नव्या जागेत आजीच्या ओळीत तुमच्या घराच्या नावावर चार जागा. एक आजीची. बाकीच्या तीन तुम्ही राखून ठेवलेल्या, तिघा भावंडांच्या. बरोबर आहे?”

“माझी खोडा,” आक्का म्हणाली.

“म्हणजे?”

“माझी जागा खोडा. मला नगरपालिकेच्या मैदानात ठेवा. आजोबांच्या शेजारी मिळाली तर शेजारी, नाहीतर त्यातल्या त्यात जवळ. तिथं काय लिहून द्यावं लागतं ते आणा, मी सही करते.”

“आक्का, तिथं सात वर्षांनी—”

“माहितीय. सात तर सात. तेवढी सोबत होईल.”

“आक्का, वेड्यासारखं करू नकोस,” मास्तर म्हणाला. मग त्याने खिडकीकडे तोंड केले.

फादरांनी पेनाचे टोपण काढले, पण लिहिले नाही. ते आक्काकडे बघत राहिले. ती बधणार नाही, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

बाइंडर टेबलाशी गेला. यादीत आक्काच्या खाली त्याचे नाव होते. त्याने त्यावर बोट ठेवले. “माझंही खोडा फादर. मीही तिकडेच जातो.”

“तुझं नको,” आक्का म्हणाली.

“आक्का—”

“तुला तिकडे काय काम आहे?” ती रागावलेली नव्हती. चुकीच्या वॉर्डात आलेल्या पेशंटला त्याचा वॉर्ड दाखवावा, तशा आवाजात ती बोलत होती. “तुला माफी झाली ना आता? या, आत या, म्हणून सांगितलं ना फादरांनी? मग तू आत जा बाळ.”

त्याचे बोट कागदावर तसेच राहिले. फादरांनी ते हलकेच बाजूला केले, आक्काच्या नावावर एक सरळ रेघ ओढली, आणि खालचे नाव आहे तसे ठेवले.